नागिणीला दिलेल्या गोळ्या

नवऱ्याला किडनी देणं एक वेळ सोपं होतं. ती सांभाळायची म्हणजे आमच्या माणमधल्या गावात अख्ख्या भावकीशी वाकडं घ्यायचं. दवाखान्यातून आलेल्या माणसाला भेटायला गेलं नाही तर इथं जन्मभर बोल लागतो. त्यामुळे मिरजेहून आम्ही घरी आलो त्या दिवसापासून रीघ. कुणी शहाळं आणी, कुणी बिस्किटाचा पुडा, आणि खोकत-शिंकत थेट यांच्या कॉटवर बसे. मी दारात खुर्ची टाकून "लांबूनच बोला" म्हणायची, तर अंगणवाडीच्या बाई लय शिकल्यात म्हणून गावभर झालं.

यांना त्याचं काहीच नाही. आतून आवाज यायचाच, "आवं या की आत. हिचं काय मनावर घेऊ नका."

खरी धास्ती मला वेगळीच होती. मिरजेच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं होतं, की एक विषाणू पुष्कळांच्या अंगात गुपचूप पडून असतो. तो माझ्या अंगात होता, यांच्या नव्हता. किडनीबरोबर तो यांच्याकडे गेला असणार. नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवलेली. अशात तो उठला तर किडनीवरच येणार. म्हणून सहा महिने रोज सकाळी जेवणावर दोन गोळ्या, एकही चुकवायची नाही.

"म्हायेरनं काय आणलं न्हाई, ते हे आंदण आणलं," असं हे येईल त्याला हसत सांगायचे. मला हसू यायचं नाही.

चौथ्या महिन्यात यांना ताप भरला. मिरजेला नेलं, रक्त तपासलं, तर तोच विषाणू, आणि किडनीचं कामही मंदावलेलं. गोळ्या चुकल्या का, असं डॉक्टरांनी विचारल्यावर मी ठणकावून सांगितलं, "एकही नाही." हे छताकडे बघत होते.

"रोज एकच घेत हुतो," हे म्हणाले.

माझ्या चुलतसासऱ्यांना नागीण झाली होती. अंगावर फोड, आग आग. आपल्या गोळ्या विषाणूवरच्या, मग नागिणीला का चालणार नाहीत, असा हिशोब करून यांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या त्यांना देऊन टाकल्या. मला कळू नये म्हणून पुढं महिनाभर रोज एकीवर भागवलं. मी वाढून अंगणवाडीत जायची, बघणार कोण?

"म्हातारा तळमळत हुता गं," हे म्हणाले.

किडनी माझी आणि दानशूर हे. मी इतकी चिडले की नर्सबाईंनी मला बाहेर बसवलं.

सलाइनमधून औषध सुरू झालं. तिसऱ्या दिवशी चुलतसासरे एसटीनं मिरजेला आले. वॉर्डाच्या दाराशीच थांबले आणि पिशवीतून गोळ्यांचा डबा काढून माझ्या हातात दिला. डब्याला हळदकुंकू लावलेलं.

"मंतरून घेतली नागीण. गेरू लावला. मंतरल्यावर औषध चालत न्हाई, पोरी," ते म्हणाले. "पर त्यानं एवढ्या मायेनं दिल्या, नको कसं म्हणायचं? देवापशी ठिवल्या हुत्या."

मी डबा उघडला. एकही गोळी फोडलेली नव्हती.

आतून आवाज आला, "काका, भाईर का? आत या की."

"न्हाई रं. लांबनंच बोलतो," म्हातारा म्हणाला, आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागला. मला त्याच्यावर ओरडायचं होतं. रडूच आलं.

किडनी राहिली, पण पहिल्यासारखी नाही. निम्म्यावर आली असं डॉक्टर म्हणतात. आता मी अंगणवाडीत उशिरा जाते. हे जेवले की समोर उभी राहून गोळ्या गिळायला लावते आणि पोरांना जंताची गोळी दिल्यावर म्हणते तसं म्हणते, "आ करा." हे निमूट आ करतात. मी जिभेखालीही बघते.