बाईंचं ताट आणि माझं

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. वडील अजून अंगठा उठवतात. अशा घरातल्या पोरानं काही लिहून दुसऱ्यांना वाचायला द्यावं, हे माझं मलाच धाडसाचं वाटतं. कॉलेजच्या अंकासाठी सरांनी विषय दिला होता : शाकाहार सगळ्यांच्या प्रकृतीला मानवतो का? बाकीच्यांनी मुद्दे काढून लिहून दिलं. माझ्याकडं मुद्दे नाहीत. मी एका घरात दोन ताटं शेजारी शेजारी वाढलेली बघितली, आणि त्यातलं एक माझं होतं. तेवढंच मला सांगता येईल. कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

पोलीस ॲक्शन होऊन संस्थान गेलं त्याला वीसेक वर्षं झाली, तरी औरंगपुऱ्यातली जुनी माणसं अजून ‘ॲक्शनच्या आधी’ आणि ‘ॲक्शनच्या नंतर’ अशीच सालं सांगतात. मी राहायचो त्या घराच्या मालकीणबाई मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची, म्हणून मीही. खाली कापडाचं दुकान, वर त्यांच्या दोन खोल्या, आणि मागच्या बाजूला माझी एक. यजमान वारलेले. एकुलता एक मुलगा नागपूरला नोकरीला.

पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, “जेवण माझ्याकडंच. पण अंडं-मटण चालायचं नाही. घरातही नाही आणि बाहेरही नाही. जमत असेल तर पेटी आत आण.”

“जमेल बाई,” मी म्हणालो, आणि पेटी आत आणली. तेव्हा ते मी मनापासून म्हणालो होतो.

बाईंचं स्वतःचं जेवण माझ्याहून कडक होतं. काशीला जाऊन आलं की आवडीची एखादी वस्तू कायमची सोडायची, अशी रीत आहे. लोक हुशार असतात, कुणी कारलं सोडतं, कुणी भोपळा. बाई यजमान गेल्यावर काशीला गेल्या आणि दूध सोडून आल्या. लहानपणापासून त्यांना दुधासारखं काही आवडत नसे, म्हणून दूधच. मी एकदा ताकाचं विचारलं तर म्हणाल्या, “दूध सोडलं म्हणजे काय पेल्यातलंच? दही, ताक, तूप, सगळं त्याच्याच पोटातलं.” या गोष्टीला सहा-सात वर्षं झाली होती. भाकरी, वरण, भाजी आणि कोरा चहा, एवढ्यावर त्या राहायच्या. दूधवाला मात्र बंद केलेला नव्हता. ते दूध त्या मला द्यायच्या आणि मी पेला रिकामा करेपर्यंत समोर बसून बघायच्या.

माझं दोन महिने नीट चाललं. नंतर वर्गातला एक दोस्त मला छावणीत त्याच्या घरी घेऊन गेला. त्याच्या अम्मीनं ताटात कलेजी वाढली. मी मान खाली घालून बसलो. ती म्हणाली, “शरमाव नक्को बेटा, खाव. तुम्हारी बाई यहाँ नै आते.” आमच्या घरी सणावाराला कोंबडं-बकरं असायचंच. हात आपोआप ताटाकडं गेला. मग दर आठवड्याला जायला लागलो, कधी दोनदासुद्धा. परतताना बडीशेप चघळायचो, नळावर कोपरापर्यंत हात धुवायचो आणि जिना चढताना मनातल्या मनात उत्तर तयार ठेवायचो. बाईंनी कधी विचारलं नाही. उलट त्या शेजारच्या काकूंना सांगायच्या, “आला तेव्हा कसा काडीसारखा होता, आता बघा. माझ्या वरण-भाकरीवर.” मी हसून खाली बघायचो.

त्या हिवाळ्यात घरात काहीतरी वेगळं व्हायला लागलं. पहिली गोष्ट चपलेची. बाई बाजारातून आल्या, तर एका पायात चप्पल होती आणि दुसरा पाय तसाच, धुळीनं माखलेला. मी म्हणालो, “बाई, चप्पल?” त्यांनी खाली बघितलं आणि दचकल्या. चप्पल कुठं गळाली ते त्यांना माहीत नव्हतं, आणि गळाली हेही माहीत नव्हतं.

मग एका संध्याकाळी दिवा लावून त्या स्वयंपाकघराकडं निघाल्या आणि मध्येच थांबल्या. “माझ्या मागं कोण चालतंय?”

“कुणी नाही बाई.”

“अनवाणी आहे कुणीतरी. मी चालले की चालतं, मी थांबले की थांबतं.”

मी कान देऊन ऐकलं. त्या पुन्हा चालल्या. फरशीवर पावलं वाजत होती ती त्यांचीच होती, दुसऱ्या कुणाची नव्हती. पण त्यांच्या तोंडावर दुसऱ्या कुणाची तरी पावलं ऐकणाऱ्या माणसाचा भाव होता, आणि तो बघून मलाही खोलीत तिसरं माणूस असल्यासारखं वाटलं. त्यानंतर त्या म्हणायला लागल्या की फरशीवर कुणी कापूस अंथरलाय. सकाळी तोंड धुताना डोळ्यांवर पाणी मारायला डोळे मिटले की त्या एकदम एका बाजूला कलंडायच्या, मागून कुणी धक्का दिल्यासारख्या. डोळे उघडे असले की पडायच्या नाहीत. मी त्या वेळी मोरीच्या दाराशी उभा राहायला लागलो.

एका सकाळी मी खोलीत पुस्तक घेऊन बसलो होतो. आदल्या संध्याकाळी छावणीला जाऊन आलो होतो. तेवढ्यात वास आला. मांस भाजल्याचा. त्या घरात असा वास येणं शक्य नव्हतं. मी आधी माझा सदरा हुंगला, मग हात. पलीकडून बाईंचा आवाज आला, “काय रे, मांसाचा वास कुठून येतोय?”

मी दारात जाऊन उभा राहिलो. सगळं कबूल करायचं असं ठरवूनच गेलो होतो. बाई शेगडीसमोर उभ्या होत्या, हातात चिमटा, नाकाला पदर. माझ्याकडं बघून म्हणाल्या, “खाली कुणी काही शिजवतंय का बघ बरं.” आणि मी बघितलं. शेगडीतला एक निखारा खाली पडला होता आणि बाईंचा डावा पाय त्यावर होता. धूर त्यांच्या टाचेखालून येत होता. त्या शांत उभ्या होत्या.

मी त्यांना ओढून बाजूला केलं. त्या ओरडल्या, पण टाच बघितल्यानंतर.

शेजारच्या काकू धावत आल्या. पाय बघून मागं सरल्या आणि मला जिन्यात गाठून म्हणाल्या, “ही भानामती हाय. आमच्या माहेरी एकीचं असंच झालं होतं. अंगार लागला तरी कळंना. लिंबू उतरवून टाक, न्हायतर पोरा तू तरी इथनं निघ.”

बाईंनी ऐकलं. आतून म्हणाल्या, “पस्तीस वर्षं मी पोरींना सांगत आले की भानामती नसते. आता माझ्याच पायावर कशी येईल?” पण आवाज कापत होता. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, “मला नागपूरला अंथरुणात पडून राहायचं नाही. सुनेनं बेडपॅन धरायचा, हे मला नको. तेवढं माझ्या पायांवर मोरीपर्यंत जाता आलं पाहिजे.”

मी गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांना आणलं. मुसलमान गृहस्थ होते, मराठी स्वच्छ बोलायचे, मध्येच किंवा रागावले की दखनी. त्यांची बहीण बाईंच्या हाताखाली शिकली होती, म्हणून खाली वाकून आदाब केला. टाचेला पट्टी बांधली. मग दोन दातांचा एक लोखंडी काटा टेबलावर आपटून थरथरवला आणि ती थरथर कळते का बघायला त्याचं खालचं टोक बाईंच्या घोट्यावर टेकवलं.

“काही जाणवतंय बाई?”

“ठेवलाय का तुम्ही?”

डॉक्टरांनी काटा बॅगेत ठेवला. बाईंना उभं करून डोळे मिटायला सांगितलं आणि कलंडायच्या आत त्यांना धरलं. जीभ बघितली, ती लालभडक आणि गुळगुळीत होती. मग विचारलं, “जेवणात काय काय असतं?”

“जेवणाला काय झालंय?” बाई म्हणाल्या. “हा पोरगा माझ्याच हातचं खातो. याच्याकडं बघा की.”

“हां, पण दूध?”

“ते मी घेत नाही, हा घेतो. पण पावभर दुधानं कुणी असा होतो का?”

डॉक्टर माझ्याकडं वळले. “बाहर कुछ खाते क्या मियाँ? अंडा, गोश्त?”

बाई माझ्याकडं बघत होत्या. खोली जाईल, कॉलेज सुटेल, एवढंच मनात आलं नाही. त्या ज्या खात्रीनं माझ्याकडं बघत होत्या, ती खात्री मोडेल, हे जास्त आलं. मी म्हणालो, “नाही.”

डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “सिरफ पाव दूध पे ये ऐसा है, फिर तो खाने का मामला नै दिखता,” असं स्वतःशीच म्हणाले, आणि वयाचं, नसांचं काहीतरी बोलून टॉनिक लिहून दिलं.

त्यानंतरचे तीन महिने मला नीट सांगता येणार नाहीत. बाई भिंत धरून चालायला लागल्या. मग खुर्ची पुढं ढकलत. गल्लीतल्या पोरींना शिकवायला घेतलेला खडू त्यांना हातात जाणवायचा नाही, बघत राहिल्या तरच बोटांत टिकायचा. माझ्या अंगावर मात्र तेज चढत होतं. मी छावणीला जायचं थांबवलं नव्हतं. उलट तिथून परतताना, आता तरी बाईंना बरं वाटत असेल, असा विचार करत यायचो, जसं काही त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंधच नव्हता.

एका दुपारी कॉलेजातून आलो तर बाईंच्या खोलीतून त्यांचा आवाज येत होता. त्या हजेरी घेत होत्या. खुर्चीत ताठ बसलेल्या, समोर रिकामी भिंत. एक एक नाव घ्यायच्या, मान वर करून थांबायच्या, कुणीतरी ‘हजर’ म्हटल्यासारखी मान हलवायच्या आणि पुढचं नाव घ्यायच्या. खोलीत कुणी नव्हतं. मी दाराशी उभा राहिलो, हलायचं धाडस होईना. पंधरा-वीस नावं झाली. मग एका नावाला त्यांना उत्तर मिळालं नाही. त्यांनी पुन्हा नाव घेतलं. मग सावकाश मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि शाळेतल्या आवाजात विचारलं, “तू का बोलत नाहीस?”

मी पुस्तकं तिथंच ठेवली आणि डॉक्टरांकडं पळत गेलो. त्यांच्यासमोर सगळं सांगितलं. छावणी, कलेजी, अंडी, बडीशेप, सगळं.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “अरे अल्ला के बंदे! मी तुझ्याकडं बघून रस्ता बदलला.”

मग शांत होऊन त्यांनी मला समजावलं. एक सत्त्व असतं म्हणे, ते भाजीपाल्यात आणि डाळीत नसतं. दुधात असतं, अंड्यात आणि मांसात असतं. शाकाहार वाईट नाही, ते म्हणाले. दूध-दही खाणारी कितीतरी माणसं त्यावर ठणठणीत जगतात. काहींच्या पोटाला मात्र तेवढंही पुरत नाही. आणि बाईंनी तर ते दारही लावून घेतलं होतं. अंगातला साठा संपायला वर्षं लागतात, म्हणून कुणाला कळत नाही. “सुई देऊ. पण माझ्याकडं आहे ती कलेजीच्या अर्काची. ये उन को नक्को बोलो. ताकदीची सुई म्हणून घेतील.”

मी मान हलवली. पण जिना चढताना ठरवलं की आता काही लपवायचं नाही. एकदा लपवून एवढं झालं होतं. बाई त्या वेळी भानावर होत्या. मी त्यांच्या पायांशी बसलो आणि छावणीचं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग त्याच दमात सुईचंही सांगितलं, कशाची आहे ते.

बाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, “तुझ्या खाण्याचं तेव्हाच सांगायला पाहिजे होतंस.”

“चुकलो बाई.”

“आणि सुईचं कशाला सांगितलंस?”

त्या पुन्हा म्हणाल्या, “न सांगता टोचली असती तर माझ्याकडून काही मोडलं नसतं. आता मला ठरवावं लागेल. माझ्या डोक्याचं हे असं झालंय, त्यात हे तू माझ्यावर टाकलंस.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टर सुई घेऊन आले तेव्हा बाईंनी हात पदराखाली घेतला. दूध तरी घ्या, असं ते हात जोडून म्हणाले. बाई म्हणाल्या, “विचार करते.” आठवडाभर त्या विचारच करत होत्या. मी पेला भरून समोर ठेवायचो आणि संध्याकाळी तसाच उचलायचो. डॉक्टरांनी नागपूरला तार केली. मुलगा आला, आणि बाईंना खुर्चीसकट उचलून खाली रिक्षात बसवलं. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. रिक्षा निघताना त्यांनी पाय कुठं आहेत ते वाकून बघितलं आणि हातानं उचलून आत घेतले.

मी खोली सोडली. आता मुकुंदवाडीला राहतो, हातानं स्वयंपाक करतो. दर शनिवारी डॉक्टरांकडं जाऊन विचारायचो, काही कळलं का. “नै मियाँ,” ते म्हणायचे. दोनदा मी नागपूरला पत्र लिहायला घेतलं, पण काय लिहावं ते सुचलं नाही. असं वर्ष गेलं.

गेल्या शनिवारी दवाखान्यात शिरलो तर डॉक्टरांनी पेशंटला थांबवलं आणि खणातून पोस्टकार्ड काढलं. बाईंच्या मुलाचं होतं. डॉक्टरांना मराठी वाचायला वेळ लागतो, तरी मला न देता त्यांनी स्वतःच अक्षर अक्षर लावत वाचलं. लिहिलं होतं, आईनं इथं आल्यावर दोन महिने सुई, दूध काही घेतलं नाही. मग एक दिवस स्वतः म्हणाली, सुई द्या. तेव्हापासून घेते आहे. दूधही घेते. डोकं अगदी साफ झालं आहे, हिशोब चुकत नाही, नातीचा अभ्यास घेते. पायांत मात्र गुडघ्याखाली जाणीव परत आली नाही, उभं राहता येत नाही, सगळं अंथरुणावरच करावं लागतं. तीन-चार महिने आधी सुई सुरू झाली असती तर आई चालली असती, असं इथल्या डॉक्टरांचं म्हणणं आहे.