गोठ्यावरचं बॉम्बफेकी विमान

आमच्या वसईच्या आळीत विमानांच्या दुरुस्तीतून निवृत्त झालेले एक अंकल होते. कुणाशीही बोलताना ते डावा डोळा बारीक करत, जणू समोरच्याचाच एखादा स्क्रू ढिला आहे. एका नाताळला त्यांनी आमच्या गोठ्याच्या देखाव्यावर, बाळ येशूच्या बरोब्बर वर, महायुद्धातल्या बॉम्बफेकी विमानाचं लाकडी मॉडेल टांगलं.

चर्चचे फादर आळ्यांतले गोठे बघायला आले आणि संतापले. "हे उतरवा, नाहीतर गोठा बंद!"

इतके दिवस खपलेल्या आम्हा सगळ्यांचे चेहरे पडले. अंकल मात्र शांत. "फादर, लढाई संपल्यावर कंपन्यांनी असल्याच विमानांना खिडक्या पाडल्या, खुर्च्या ठोकल्या आणि माणसं नेली. मलापण संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

संध्याकाळी फादर परत आले, तेव्हा विमान पांढरंशुभ्र झालं होतं. बॉम्बच्या कप्प्यात, बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून उंटांवरून येणाऱ्या तीन राजांच्या भेटी ठेवल्या होत्या आणि नव्या खिडक्यांतून तिन्ही राजे डोकावत होते. त्यांचे उंट खाली रिकामेच उभे.

फादरांनी हसू दाबलं. "राजे पोचतात सहा जानेवारीला. हे आजच कसे आले?"

"आलेत, पण उतरायची परवानगी कुठाय?" अंकल गंभीरपणे म्हणाले. "तोवर वरच घिरट्या घालतील."

"मग पेट्रोल भरपूर भरा," असं म्हणून फादर हसत हसत पुढच्या गोठ्याकडे निघाले.