लाखाला दिसतं

तिगावच्या केसरबाईला कोणी "कशी आहेस?" विचारलं की ती म्हणायची, "बसली नाही अजून." नांगराचं तास अर्ध्यावर सोडून थकलेला बैल बसतो तशी. नवरा गेल्यापासून औत तीच धरत होती. बाईमाणसाने औत धरलं म्हणून गावाने आधी नाकं मुरडली, मग कौतुक केलं, मग दोन्हीचा कंटाळा केला. थकायचं तेवढं तिच्या वाट्याला राहिलं. त्या थकण्यात वाटेकरी एकच, लाखा नावाचा तांबडा बैल. त्याच्या जोडीचा दुसरा बैल तिच्या दिराचा, वामनचा.

सत्त्याऐंशीच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी लाखाच्या कानात, मांडीत गोचीडच गोचीड. सणाला बैल असा न्यायचा? कपाशीवर फवारायचं औषध घरात होतंच. त्याने अळी मरते, तर गोचीड काहून नाही मरणार? केसरबाईने बादलीत झाकणभर ओतलं आणि लाखाला चोळून आंघोळ घातली. गोचीड पटापट गळाले. मग रिवाजाप्रमाणे तिने त्याच्या खांद्याला हळद-लोणी लावलं आणि कानाशी म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

दिवे लागायच्या आत लाखाच्या तोंडातून लाळेची धार लागली, पाय लटपटले, डोळ्यांतल्या बाहुल्या रेघेएवढ्या झाल्या. वामनने पांढुर्ण्याहून जनावरांचा डॉक्टर आणला. सुया टोचल्या. लाखा जगला.

पण पोळ्याच्या दिवशी तो भिंतीला धडकला, मोकळ्या जागेत बुजला, नसलेल्या कशाला तरी शिंगं उगारू लागला.

"आंधळा झाला, वहिनी," वामन म्हणाला. "सौसरच्या बाजारात देऊन टाकू."

आंधळा बैल बाजारातून पुढे कुठे जातो हे सांगायला लागत नाही. आपल्याच हाताने आपण हे केलं, या विचाराने केसरबाईला घास जाईना.

तपासायला आलेल्या डॉक्टरने लाखाचे डोळे पाहिले. बाहुल्या आता उलट सताड उघड्या होत्या.

"बाई, मेंदूचा निरोप डोळ्याला पोचवणारा एक रस असतो. फवाऱ्याच्या औषधाने तो फार साचला. माझ्या सुईने तो अडवला. आता उजेड झेपत नाही, धूसर दिसतं. मेंदूतही तोच रस, म्हणून नाही ते दिसून राहिलं त्याले. उतरेल. अंधारात ठेवा."

"बाजारापर्यंत पाहू," वामन म्हणाला. "मग मले नका सांगू."

केसरबाईने गोठ्याला पोती लावली. चारा घेऊन ती आत गेली की लाखा दाव्याला ताण देऊन मागे सरायचा. अजून भुतंच पाहतोय बिचारा, असं समजून ती रडायची आणि चारा ठेवून बाहेर यायची.

बाजाराच्या दिवशी वामनने लाखाला उजेडात काढलं. लाखाने नाली ओलांडली, बैलबंडीला वळसा घातला, वामनच्या हातची भाकर खाल्ली. वामनला हसू फुटलं. तेवढ्यात केसरबाई पाण्याची बादली घेऊन आली, आणि लाखा असा उसळला की दावं तुटता तुटता राहिलं.

"पाहा!" वामनचं तोंड उतरलं. "गेला नाही अजून त्याचा भास. चाल रे, बाजारात."

केसरबाईने बादली खाली ठेवली. मागे सरली. ती सरली तसा लाखा शांत झाला, कान पाडून उभा राहिला. एवढ्या दिवसांचं तिला आता कळलं, आणि कळलं नसतं तर बरं होतं असं वाटलं.

"भास नाही, भाऊजी," ती म्हणाली. "त्याले चांगलं दिसून राहिलं. मी दिसून राहिली."

लाखा राहिला, वामनच्या गोठ्यात. औतही वामनच धरू लागला. पुढच्या पोळ्याला आवतन त्यानेच दिलं. केसरबाईने पुरणाच्या पोळ्या केल्या, टोपली वामनच्या हाती दिली आणि दाराआडून पाहत राहिली. लाखाने सगळ्या खाल्ल्या.

त्या दिवशी शेजारणीने विचारलं, "कशी आहेस, केसरबाई?"

"बसली आता," ती म्हणाली.