मागच्या खोलीतली पेटी

माझं लेकरू जिवंत असताना त्याच्या मयतीला जमलेली माणसं मी या डोळ्यांनी बघितली आहेत. कुणाला सांगितलं तर आधी हसतात, मग गप होतात.

पोरगी तेव्हा चार वर्षांची. जन्मापासून काळजाला छिद्र. रडली की ओठ जांभळे पडायचे, मग नखं, मग सगळं तोंड निळं व्हायचं आणि मान टाकायची. अंगणात जरा चालली की उकिडवी बसून दम खायची. डॉक्टरांनी शिकवलं होतं, निळी पडली की गुडघे दुमडून छातीशी दाबून धरा, आणि होता होईल तो तिला रडू देऊ नका. आता सांगा, एवढंसं लेकरू रडू द्यायचं नाही म्हणजे करायचं काय? त्यात मी जात्याच तापट. माहेरी मला मिरचीच म्हणायचे. पण पोरगी झाल्यापासून मी घरात आवाज चढवला नव्हता. राग आला की मागं जाऊन धुणं आपटायची.

त्या उन्हाळ्यात ऑपरेशनसाठी तिला शहरातल्या दवाखान्यात नेलं, तर तिथं छातीत कफ भरला. कितीतरी दिवस नळ्या लावून पडली होती. शेवटी डॉक्टर म्हणाले, आत्ता हिला ऑपरेशन सोसायचं नाही, घरी न्या, खाऊपिऊ घाला, वजन भरलं की परत आणा. ‘घरी न्या’ म्हणल्याबरोबर आमच्या ह्यांचं अवसान गळालं. गावाकडं मोठ्या भावाला फोन लावला, ‘आणायलोत तिला’ एवढं बोलले आणि हमसून हमसून रडले. पुढं शब्दच फुटेना. फोन ठेवला तो ठेवलाच, आणि वाटेत त्याची बॅटरीबी गेली.

नेकनूरच्या पुढं आत आमचं गाव. आमची ख्रिस्ती लोकांची एकच गल्ली, तोंडाशी वाण्याचं दुकान. दवाखान्याची गाडी दुकानाशी वळली तर गल्लीत मंडप. मला वाटलं, कुणाचं लग्न काढलं एवढ्या उन्हाचं? मग बायका दिसल्या, सगळ्या पांढऱ्या लुगड्यात. पाळकसाहेब झगा घालून उभे. गाणं चाललेलं, आणि ते कुठलं गाणं ते मला पहिल्या ओळीतच कळलं. आमच्यात ते एकाच वेळेला म्हणतात.

गाडीचं दार उघडलं. माझ्या मांडीवर पोरगी जागी झाली, उन्हानं डोळे बारीक केले, सगळ्यांकडं बघितलं आणि म्हणाली, “आई, लगीन कुणाचं हाय?”

गाणं मधेच तुटलं. एक बाई किंचाळली. मंडपाचं कापड तेवढं फडफडत होतं. सासूबाई पुढं आल्या. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांनी हात लांब करून पोरीच्या पावलाला बोट लावलं आणि चटका बसावा तसं मागं घेतलं. “गरम हाय,” त्या म्हणाल्या. मला नाही, मागच्या लोकांना.

तेव्हा मला ती दिसली. मंडपात दोन खुर्च्यांवर ठेवलेली बारकी पेटी. लिंबाच्या ओल्या फळ्यांची, आत पांढरं कापड, झाकणावर चंदेरी कागदाचा क्रूस. माझा चुलत दीर सुतारकाम करतो, त्यानं सकाळीच ठोकली होती. उन्हाळ्यात आमच्याकडं कुणी वाट बघत बसत नाही, बातमी आली की खड्डा आणि पेटी दोन्ही सुरू. मला वरडायचं होतं. असं वरडायचं होतं की पार पाटोद्याला ऐकू गेलं असतं. पण पोरगी मांडीवर. म्हणून मी हळूच विचारलं, “भावजी, माप कुठून घेतलं तुमी?”

ते खाली बघत म्हणले, “वहिनी, ईस्टरला कडेवर घेतलतं की मी तिला. हाताला ध्यानात व्हतं.”

बघा बरं. हाताला ध्यानात होतं म्हणे. मला त्या माणसाचा रागही येईना आणि त्याच्या हाताकडं बघवेनाही.

खड्डा त्याच दिवशी बुजवला. पेटीचं काय करायचं यावर मात्र ओट्यावर बराच वेळ खल चालला. आत्या म्हणल्या, जाळून टाका. पाळकसाहेब म्हणले, चर्चच्या बाजूच्या खोलीत ठेवू, कुणाच्या तरी उपयोगी पडंल. ‘कुणाच्या तरी’ म्हणल्यावर माझं डोकं सणकलं. कुणाच्या? ती तिथं तोंड वासून बसणार आणि आम्ही दर रविवारी तिच्या शेजारी बसून भक्ती करणार? मी म्हणलं, “पेटी माझ्या लेकरासाठी केली ना? मंग ती माझ्या घरी ऱ्हाईल. माझ्या ताब्यात असल्यावर कोण माझ्या लेकराला तिच्यात घालतंय बघते मी.” आमचे हे म्हणले, अगं येडी का खुळी तू? पण मी ऐकायची थोडीच. मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवली आणि आत वाकळा भरल्या. घरात सामान ठेवायला जागा नव्हतीच तशीबी.

आता वाटतं, रागाच्या भरात मी घरात काय आणून ठेवलं ते मला तेव्हा कळलं नाही.

पहिली गोष्ट म्हणजे माणसं बदलली. वाईट कुणीच वागलं नाही, उलट सगळे लई गोड बोलायचे. पण पोरीला कडेवर कुणी घेईना. चर्चमध्ये चटईवर बसलो की शेजारच्या बायका जराशा सरकायच्या. लेकरं तिच्याशी खेळता खेळता एकदम थांबून तिच्याकडं बघत राहायची. एक म्हातारी रोज यायची, डोळे मिटून तिच्या तोंडावरून हात फिरवायची आणि निघून जायची. एक दिवस मी विचारलं, “मावशे, डोळे कावून झाकतीस?” ती म्हणली, “बघू वाटत न्हाई, बाई. एकदा रडून झालंय मपलं.” फक्त दुकानवाली वाणीण आपली होती तशीच. ती म्हणायची, “मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, आमच्यात म्हणतेत.” तिचा देव वेगळा, पण त्या दिवसांत तिच्याच बोलण्याचा मला आधार वाटला. मी तिला मिठीच मारली एकदा.

दुसरी गोष्ट आवाजाची. दुपारी गल्ली झोपली की मागच्या खोलीतून यायचा. टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. मी दिराला विचारलं. तो म्हणला, लाकूड ओलं हाय वहिनी, पत्र्याखाली तापून तडकायलंय. पटलं मला. पण पोरगी तिकडं कान लावून बसायची. एकदा मी तिला वरण-भात भरवत होते. खोलीतून टक झालं. पोरीनं माझ्या हातातला चमचा घेतला आणि ताटलीवर वाजवला, टक. आणि आतून पुन्हा आलं, लगेच. पोरगी हसली.

“काय गं?” मी म्हणलं.

“ती बोलायलीय.”

“कोण?”

“मपली पेटी.”

मपली? ती पेटी तिची म्हणून तिला कुणी सांगितलं? मी तर वाकळांची पेटी म्हणायची. आत्यांना विचारलं तर त्या शपथा घ्यायला लागल्या. मी घास पुढं केला, म्हणलं, “खा गुमान.” तिनं खाल्लं. तेच तर होतं, ती खायला लागली होती. आवाज आला की घास, घास गिळला की चमचा वाजवायचा, मग पुन्हा आवाजाची वाट बघायची. जे लेकरू आधी दोन घासांत तोंड फिरवायचं ते ताटली संपवायला लागलं. मी आई, वजनासाठी जीव टाकणारी. मी काय म्हणणार? भीती वाटायची आणि तरी मी रोज दुपारी ताटली घेऊन त्याच दाराशी बसायची.

पाऊस लागला. फळ्या वाळल्या होत्या, हवा गार झाली. आता तडकायला काय उरलं होतं? तरी टक यायचाच. उंदीर म्हणावं तर लेंडी दिसली नाही. आमचे हे त्या खोलीत जाईनात. घरात प्रार्थना झाली, पाळकसाहेबांनी खोलीत उभं राहून मोठ्यांदा प्रार्थना केली, आणि ते ‘आमेन’ म्हणले तसा टक झाला. पाळकसाहेब माझ्याकडं बघायला लागले आणि मी त्यांच्याकडं. कशाचा आवाज होता ते मला आजही माहीत नाही.

पोरीचा खेळही तसाच. स्टीलचे पेले रांगेत मांडायची. हे पाळकसाहेब, ही आजी, हे काका. मधे बाहुली आडवी, तिच्यावर माझा पांढरा रुमाल. मग ती पेल्यांना म्हणायची, “रडू नका, रडल्यावर निळं व्हतंय.” आमच्या घरातलं मीठ-भाकरीसारखं रोजचं वाक्य ते. पण असल्या खेळात ऐकलं की मला उठून जावं लागायचं.

दिवाळीनंतर वजन भरलं. डॉक्टरांनी तारीख दिली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी पिशव्या भरत होते. घर एकदम शांत वाटलं. पोरीला हाक मारली, नाही. अंगणात नाही, दुकानाशी नाही. मग मागच्या खोलीचं दार उघडं दिसलं.

पेटीचं झाकण बाजूला पडलेलं. पोरगी आत, वाकळांवर, डोळे मिटलेले, दोन्ही हात छातीवर. बाई गं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. तिला हात लावायची मला हिंमत होईना, आत्यांसारखी माझीही गत झाली. मग दिसलं की तिचे गुडघे वर आलेत. आणि तिनं डोळे उघडले.

“आई, पाय पुरंनात. काकाला सांग, मोठी करून दे म्हणावं.”

“कावून?” मी विचारलं.

“उद्या दवाखान्यात जायचंय ना. मी मेले तर यातच ठिवणार ना मला? पाय दुमडून झोपल्यावर दुखतेत.”

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. कधीपासून, देव जाणे. मी रागानं आणून ठेवलेली पेटी, आणि हे लेकरू तिच्याशी ओळख करून घेत बसलेलं, रोज, घास खाता खाता. आणि आता उंची वाढली म्हणून मोठी मागत होतं, लहान झालेला झगा बदलून मागावा तशी.

इतक्या वर्षांचं सगळं माझ्या तोंडातून बाहेर पडलं. “न्हाई मिळणार! मोठी न्हाई, बारकी न्हाई, कसलीच न्हाई मिळणार! ऊठ! ऊठ म्हणते ना तिथनं!”

पत्रा दणाणला असेल. पोरीनं माझा असा आवाज जन्मात ऐकला नव्हता. मी तिच्या ओठांकडं बघत राहिले, आता रडेल, आता जांभळे पडतील. तिनं खालचा ओठ बाहेर काढला. रडली नाही. पेटीतून उतरली, मला करंगळी दाखवली आणि म्हणाली, “कट्टी.”

मी कुऱ्हाड आणली. आत्या आल्या, म्हणल्या, क्रूस तेवढा काढू दे. त्यांनी नखानं हळूहळू तो कागद सोडवला आणि मी फळ्या फोडल्या, एकूण एक. त्याच लाकडावर पोरीच्या अंघोळीचं पाणी तापवलं. ती माझ्याकडं पाठ करून बसली होती. अंगावर पाणी घेतलं, पण बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीतही बोलली नाही. दवाखान्यात कपडे बदलताना नाही. ऑपरेशनला न्यायला आले तेव्हा ह्यांच्या गळ्यात पडली, आणि माझ्याकडून तोंड फिरवलं. दार लागलं. माझं लेकरू रुसून आत गेलं. मी बाकड्यावर बसले आणि मला एकही नेहमीची प्रार्थना आठवेना. एवढंच म्हणत होते, देवा, तिला अशी रुसलेली ठेवून घेऊ नको, मला तिची समजूत काढायचीय.

पुढं त्यांनी मला आत बोलावलं तेव्हा आधी वाटलं, ही माझी नाहीच. ओठ गुलाबी. नखं गुलाबी. असा रंग मी तिच्या अंगावर कधी बघितला नव्हता, दुसऱ्याच कुणाचं लेकरू पलंगावर ठेवल्यासारखं वाटलं आणि मी घाबरून तिथंच थांबले. तिनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. मग चादरीखालून हात काढायचा प्रयत्न केला, सुईच्या पट्टीतून एक करंगळी कशीबशी वर आली.

“अजून कट्टीच हाय,” ती म्हणाली.

“ऱ्हा माय,” मी म्हणलं. “जलमभर ऱ्हा.”