पाळीवर धाडलेला निरोप

ती घटना आठवली की आजही माझे डोके तापते. इंग्रजी अंमल होता. मी गोंदियाजवळच्या एका ठाण्याचा फौजदार होतो. भादव्यात एका गावचा मालगुजार तलावाच्या म्हाताऱ्या राखणदाराला स्वतःच्या बैलगाडीतून ठाण्यात घेऊन आला. तलावाची मातीची पाळ फुटून खालची झोपडी वाहून गेली होती आणि तिच्यात या राखणदाराची सून बुडून मेली होती.

"पाणी चढलं, तुडुम उघड, असा निरोप मी सांजेलाच धाडला होता. हा विसरला," मालगुजार डोळे पुसत म्हणाला. तुडुम म्हणजे पाणी सोडायचे दार.

म्हाताऱ्याने हात जोडले. "माहीच चूक जी. गिरणीतून पोरगा आला, माह्या तोंडाकडं पाहून नाही राहिला."

फिर्यादीने आरोपी गाडीत घालून आणावा आणि आरोपीने विचारण्याआधीच कबूल व्हावे! असे आयते हाती आले की मला हमखास संशय येतो. मी मालगुजाराला बाहेर बसवले.

"निरोप आला, हे तुला आठवतं?"

"मालक सांगून राहिले न जी. भुललो असन."

"आठवतं का, तेवढं सांग!"

"नाही जी."

निरोप्या गड्याला बोलावले. तो पोपटासारखा बोलला, "दिवेलागणीले पाळीवर जाऊन सांगितलो."

मी म्हाताऱ्याकडे वळलो. "दिवेलागणीला कुठे होतास?"

"मालकाच्याच घरी जी. लाकडं फोडाले बलावलं होतं. रातीले तिथंच निजलो."

अरे, मग अंगणातल्या माणसासाठी निरोप पाळीवर कशाला? हेच मी मालगुजाराला आत बोलावून विचारले. त्याने लगेच गड्याकडे बोट केले. "हाच खोटारडा! यानंच मला फसवलं, साहेब."

गडी उसळला. "काऊन जी मालक? मासोळ्या जातीन म्हणून सांडव्यावर ताटी कोणी बांधाले लावली? हा म्हातारा बांधू देत नव्हता, म्हणून त्याले घरी बलावलं न तुमी!"

पंचनाम्यात मातीने लिंपलेली बांबूची ताटी सांडव्याच्या तोंडाशीच सापडली. जादा पाण्याची वाटच बंद, पाळ फुटणारच. हयगयीने मृत्यू घडवल्याचा गुन्हा मी मालगुजारावर नोंदवला. तेव्हा तो म्हणाला, "साहेब, यंदा पाऊसच लई झाला." राखणदार झाला, गडी झाला, आता पाऊस!

म्हाताऱ्याला जा म्हटले तर तो हलेना. "हे पोराले तुमीच सांगा जी." मी गावात जाऊन सांगितले.

दोष ढकलणाऱ्याला एक भला माणूस लागतो, स्वतःच्या आठवणीपेक्षा मालकाच्या शब्दावर विश्वास ठेवणारा. पुढे नोकरीभर मी प्रत्येक कबुली देणाऱ्याला विचारत आलो, तुला आठवतं की कुणी सांगितलं?

उन्हाळ्यात त्या तलावावरून गेलो. म्हातारा पाळीवर माती टाकत होता, पोरगा टोपली भरून देत होता. "आता कशाला राबतोस?" मी विचारले.

"तलाव माह्या हवाली हाय न जी," तो म्हणाला.