अर्ध्या पोळीची भिक्षा

हॉस्पिटलातून घरी आलं की माणसं काही दिवस येतात. सफरचंदं ठेवतात, पायाकडे पाहून हळहळतात आणि मग येत नाहीत. त्यांचं काही चुकत नाही, प्रत्येकाला आपला संसार असतो. पण त्यानंतर जी दुपार सुरू होते ती संपता संपत नाही. मी खाटेवर पडून फिरत्या पंख्याकडे बघायची आणि आईच्या देवाला विचारायची, की बाबा, तू असशील तर असशील, पण आमच्या या गल्लीत तुझं येणं-जाणं आहे का? उत्तर येईल असं मला वाटत नव्हतं.

अकोल्याच्या बसस्टँडवर एसटीतून उतरताना मी पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन अकोल्यातच झालं. धाकटा भाऊ भाजीचा मळा सोडून अकोटहून रोज यायचा. सुट्टी झाली त्या दिवशी तो म्हणाला, "ताई, आता चाल अकोटले. खाट टाकून ठेवली हाये तुयी."

मी नाही म्हटलं. वांगी आणि मेथी डोक्यावर घेऊन बाजारात बसणाऱ्या माय-बापाची मी मुलगी. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. शाळेत विज्ञान शिकवून अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्लीत स्वतःचं घर बांधलं. यजमान गेल्यावरही तिथेच एकटी राहिले. ते घर सोडून भावाच्या ओसरीवर पडून राहायचं मला जमणार नव्हतं.

भाऊ चिडला. "खाटेवर बी हेडबाईच राहशीन तू!" मग म्हणाला, "बरं, आयक. तपासणीले न्यायले मी गाडी घेऊन येतो. तवा फाटकापर्यंत आपल्या पायानं आली, तं राहाय इथंच. नाही आली, तं घराले कुलूप अन् तू अकोटले. मंजूर?"

मी मंजूर म्हटलं.

घरी सेवा देणाऱ्या एका एजन्सीकडून सुशीला आली. जवळच्या खेड्यातली, भारी बोलकी. काखेत हात घालून मला उभी करायची, वॉकर पुढे सरकवायची. "चाला बाई, तुमच्या पोट्ट्यांना पळवत होत्या ना शाळेत? आता तुमी पळा!" तिच्या जिवावर मी स्वयंपाकघरापर्यंत जाऊ लागले होते. तेवढ्यात तिच्या घरचा कापूस फुटला. आमच्याकडे त्या दिवसांत वेचायला माणूस मिळत नाही, घरचे सगळे हात वावरात लागतात. "चार दिवस सांभाळजा बाई," असं म्हणून ती गेली. मी शेतकऱ्याची लेक, तिला कोणत्या तोंडानं थांब म्हणणार?

एजन्सीकडे दिवसभरासाठी दुसरी बाई नव्हती. सकाळी तासाभरासाठी कोणीतरी यायची, रोज नवी. अंग पुसून, कपडे बदलून, डबा खाटेजवळच्या स्टुलावर ठेवून दार नुसतं लोटून निघून जायची. माझं नावसुद्धा त्यांना माहीत नसे. मी एकदा एकटीनं उठून पाहिलं, तर पाय असा थरथरला की परत बसले ती बसलेच. त्यानंतर वॉकरकडे पाहिलं तरी घाम फुटायचा. भावाचा फोन आला की विचारायचा, "सुशीला हाये ना?" मी म्हणायची, "आहे." समोरच्या शिकवणीवर्गाची मुलं सुटायची, स्कूटरांचा गलका व्हायचा, मग पुन्हा शांत. अर्ध्या गल्लीला मी शिकवलेलं. पण मी आत पडून आहे हे कोणाच्या ध्यानात नव्हतं, आणि मीही कोणाला हाक मारली नाही.

अशाच एका दुपारी दारातून आवाज आला, "दंडवत प्रणाम! भिक्षा वाढा माय."

तो आवाज ओळखीचा नव्हता, शब्द ओळखीचे होते. आई महानुभाव पंथाची. आमच्याकडे भिक्षेला आलेल्या साधूला किंवा तपस्विनीला आई "दंडवत" म्हणायची, तव्यावरची भाकर खाली उतरवून उठायची आणि उभं राहून स्वतःच्या हातानं झोळीत वाढायची. घ्या म्हणून दुरून सांगायचं नाही, दुसऱ्याच्या हातून पाठवायचं नाही, रिकाम्या झोळीनं तर परत पाठवायचंच नाही.

मी खाटेवरूनच ओरडले, "पुढच्या घरी जा. मला उठता येत नाही."

"उठा सावकाश," ती म्हणाली. "मले घाई नाही. मी आहो इथं."

मला राग आला. मी गप्प राहिले, ती जाईल म्हणून. ती गेली नाही. दाराच्या फटीतून तिच्या लुगड्याचा काठ दिसत होता. शेवटी आईच दिसायला लागली, तव्यापासून उठताना. मी डब्यातली पोळी एका कापडी पिशवीत घातली, शाळेतल्या पोरांसारखी ती गळ्यात अडकवली, कारण दोन्ही हात वॉकरला लागणार होते. उभी राहिले. पाय थरथरला. "आहो मी इथं," बाहेरून पुन्हा आवाज आला. मी दारापर्यंत गेले.

उन्हानं काळवंडलेली, माझ्यापेक्षा वयानं मोठी बाई. तिनं पोळी घेतली, अर्धी मोडून परत दिली. "येवढीच पुरे." वॉकर तिला दिसत होता, तरी काय झालं, कधी झालं, काही विचारलं नाही. कित्येक दिवसांनी कोणीतरी माझ्याकडे रोगी म्हणून पाहिलं नव्हतं. तिच्यासाठी मी त्या घराची धनीण होते, आणि ती माझ्याकडे मागायला आली होती.

ती दुसऱ्या दिवशीही आली. मग रोजच. काही दिवसांनी दारात न थांबता पायरीखाली उभी राहू लागली. नंतर थेट फाटकाजवळच्या निंबाखाली. मुद्दाम की सावलीसाठी, हे मी सांगू शकत नाही. मी मात्र दुपारची वाट पाहू लागले. पोळी आधीच बाजूला काढून ठेवायची, केस विंचरायची. आम्ही काही बोलत नसू. दंडवत, अर्धी पोळी, आणि ती वळेपर्यंत मी उभी.

तपासणीच्या आदल्या दिवशी ती आली नाही. मी निंबाखाली बराच वेळ उभी होते. मग लक्षात आलं की मी फाटकाशी उभी आहे, एकटी.

दुसऱ्या दिवशी भावाची गाडी आली तेव्हा मी तिथेच होते. तो काचेतून बघतच राहिला. उतरून म्हणाला, "आता गं! सुशीला कुठं हाये?" मी त्याला सगळं खरं सांगितलं. मला गाडीत बसवून दार लावताना तो म्हणाला, "मले बोलवाचं ना वं, ताई."

कापूस संपल्यावर सुशीला परतली, बोटं बोंडांनी ओरखडलेली. तिच्या हाताला मी खोबरेल लावलं, तिनं माझ्या पायाला. मी जरा सुधारल्यावर भावाला स्वतःहून फोन केला, "मला रिद्धपूरला ने." आईच्या पंथाचं मोठं स्थान ते. तिथं एका वृद्ध साधूंना त्या तपस्विनीबद्दल विचारलं. ते म्हणाले, "इथं कितीतरी येतात-जातात, ताई. पण एकाच दारी रोज भिक्षा मागायची नाही, असा आमचा आचार आहे. तुमच्याकडे रोज येत होत्या?"

"रोज," मी म्हटलं.

त्यापुढे मी विचारलं नाही. आयुष्यभर विज्ञान शिकवलं, पुरावा मागायची सवय आहे. पण जिनं माझ्यासाठी आपला नेम मोडला, ती कोण होती याचा पुरावा मागायला मन होईना.

स्थानासमोर भाऊ दंडवत घालायला आडवा झाला. मला वाकायची मनाई होती. मी हात जोडून उभी राहिले, आणि आजवर कोणाला म्हटलं नव्हतं ते त्याला म्हटलं, "माझाही घाल रे एक."

"आता दंडवत बी मीच घालू का तुयावाला?" तो जमिनीवरूनच म्हणाला.

"हो. मला येत नाही."

तो उठला, डोळे पुसले, आणि माझ्या नावानं पुन्हा आडवा झाला. मी त्याच्या पाठीकडे पाहत होते. देवापुढे स्वतः वाकल्याशिवाय नमस्कार पोहोचत नाही, असं मला वाटायचं. तो दुसऱ्याच्या पाठीवरूनही पोहोचतो. त्या दिवशी माझा पोहोचला.