सोसायटीच्या कपड्यांची अग्निपरीक्षा

आमच्या सोसायटीत आजही माझ्या हातात काडेपेटी दिसली की बायका नकळत पदर सावरतात. का, ते सांगतो. लपवण्यासारखं काही उरलेलंच नाही, हडपसरपासून कोथरूडपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. तेव्हा चहा घ्या आणि ऐका.

मी जगताप. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं आलेला माल तपासून घेतला. त्यामुळे एक गोष्ट अंगात मुरली: समोर आलेली वस्तू खरी की खोटी, हे आपल्याला कळतंच, असा विश्वास. निवृत्तीनंतर माल यायचा बंद झाला, विश्वास मात्र तसाच राहिला.

माझी मुलगी ऋचा हिंजवडीला नोकरी करते. एका रविवारी जेवताना ती म्हणाली, "बाबा, पॉलिएस्टरचा कपडा दर धुण्याला प्लास्टिकचे तंतू सोडतो, माहितीये? इतके बारीक की दिसतही नाहीत. मशीनमधून गटारात, गटारातून मुळा-मुठेत. आणि टाकून दिला तर कचरा डेपोत वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो."

"मग सुती वापरायचं," मी म्हणालो.

"आणि मुळात कमी घ्यायचं. आहे ते पुरवून वापरायचं."

हे दुसरं वाक्य मी नीट ऐकलंच नाही. पहिल्या वाक्यातच मला माझं जीवितकार्य सापडलं होतं.

पंधरा दिवसांत मोहीम ठरली. प्रत्येक घरानं जुने कपडे पार्किंगमध्ये आणायचे. तिथे सुती वेगळे करायचे, प्लास्टिकचे वेगळे. सुती कपडे हडपसरच्या पलीकडच्या एका गावातल्या महिला बचत गटाला द्यायचे. तिथल्या बायका तान्ह्या बाळांसाठी दुपटी आणि लहान गोधड्या शिवतात. त्यांची अट एकच, कापड सुतीच हवं, कारण ते बाळाच्या अंगाला लागणार. ही गाठ घालून दिली शेखचाचांनी. शेखचाचा म्हणजे आमच्या गेटसमोरचे शिंपी, वडिलांपासूनचं दुकान. प्लास्टिकचे कपडे एका कारखान्याला जायचे होते. तो त्यांचा चुरा करून गाद्यांत भरणार होता.

"सुती कुठलं आणि प्लास्टिक कुठलं, हे ओळखणार कोण?" मीटिंगमध्ये कांबळेताईंनी विचारलं. कांबळेताई बी विंगच्या. सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होत्या. समोरच्या माणसाची फाइल एका वाक्यात बंद करतात.

"मी," मी म्हणालो. "अग्निपरीक्षा घेऊन."

सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची राख होते. पॉलिएस्टरचा धागा वितळतो आणि टोकाला काळा, टणक मणी होतो. ही परीक्षा खरी आहे, आजही छातीठोकपणे सांगतो. परीक्षेत चूक नव्हती.

रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये टेबल मांडलं. मेणबत्ती, काडेपेटी, चिमटा, भिंग. आता मी पडलो सभ्य माणूस. लोकांच्या कपड्यांना भोकं कशाला पाडायची? म्हणून काठाशी, शिवणीत जो दोरा लोंबत असेल तेवढाच हळूच कापून घ्यायचा. कापडाला धक्काही नाही. ही माझी स्वतःची युक्ती, आणि तिचा मला फार अभिमान होता.

पहिला कुर्ता आला. दोरा धरला, मणी झाला. प्लास्टिक. दुसरा सदरा, मणी. लहान मुलीचा फ्रॉक, मणी. चादर, उशीचा अभ्रा, परकर, सगळ्यांचे मणी. दुपारपर्यंत प्लास्टिकचा ढीग विजेच्या मीटरपर्यंत पोचला. सुती ढिगात होते दोन पंचे, एक धोतर आणि एक उपरणं.

मी हादरलो. आणि खरं सांगू का, जरा सुखावलोही. आख्खं पुणं प्लास्टिक पांघरून हिंडतंय, आणि हे उघडकीला आणणारा माणूस कोण, तर मी. चार लोक भोवती जमले होते. मी त्यांना भिंगातून मणी दाखवत होतो.

कांबळेताई हातमागाची एक जुनी साडी घेऊन आल्या. मी फॉलच्या कडेचा दोरा कापला. मणी.

"प्लास्टिक," मी म्हणालो.

"जगताप, ही साडी मागावर विणली जाताना मी स्वतः पाहिली आहे."

"विणणाऱ्यानं फसवलं असेल, ताई."

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "असेल. माझ्याशी बोलताना काही लोकांना आत्मविश्वास फार येतो, हे मी नोकरीतही पाहिलंय." एवढं बोलून त्या गेल्या, आणि साडी प्लास्टिकच्या ढिगात गेली.

माझी बायको वरून खाली आली. ढीग पाहून म्हणाली, "अहो, एवढी सगळी माणसं खोटं कापड वापरतात, आणि खरं फक्त धोतरवाले आजोबा? काहीतरी चुकतंय तुमचं."

"शास्त्राला भावना नसतात," मी म्हणालो. हे वाक्य तिनं पुढे महिनाभर मला ऐकवलं.

संध्याकाळी मी प्रत्येक विंगचा निकाल फलकावर लावला. तिथेच थांबलो असतो तर निभावलं असतं. पण निकाल वाचून समोरच्या शिंदेवहिनी आल्या, हातात पिशवी. त्यांच्या प्राजक्ताचा साखरपुडा आठ दिवसांवर आला होता, आणि कोथरूडच्या मुलाकडच्यांनी तिला पैठणी पाठवली होती.

"सहज बघता का?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "शंका नाही हो. सहज."

मी सहज बघितलं. फॉलच्या कडेचा एक दोरा. काळा, टणक, चकचकीत मणी.

शिंदेवहिनी मटकन खुर्चीत बसल्या. मी त्यांना धीर दिला. काय म्हणालो ठाऊक आहे? "वेळेवर कळलं, हे नशीब समजा."

त्यांनी घरी जाऊन होणाऱ्या विहीणबाईंना फोन लावला. भांडायला नव्हे, फक्त विचारायला. पण 'साडी खरी आहे ना' हा प्रश्न गोड आवाजात विचारायची सोय अजून निघालेली नाही. तिकडून उत्तर आलं, "उद्या सकाळी येतोच आम्ही. ज्यांनी तपासली त्यांनाही बोलवून ठेवा."

सोमवारी सकाळी पार्किंगमध्ये कारखान्याचा टेम्पो प्लास्टिकची पोती भरून घेत होता. तेवढ्यात विहीणबाई आल्या, बरोबर नवरा मुलगा. विहीणबाईंनी फोनवरचा एक फोटो माझ्यापुढे धरला. येवल्याला मागाशेजारी त्या स्वतः उभ्या होत्या आणि मागावर तीच पैठणी होती.

"आता सांगा," त्या म्हणाल्या.

मी मणी सांगितला. राख सांगितली. पॉलिएस्टर वितळतं, रेशीम वितळत नाही, तेही सांगितलं. नवरा मुलगा प्राजक्ताकडे बघत होता. प्राजक्ता जमिनीकडे बघत होती. शिंदेवहिनींना कुणाकडे बघावं ते कळत नव्हतं. माझ्या मनात पहिल्यांदा आलं की हे लग्न मोडलं तर त्याच्या पत्रिकेत माझं नाव असेल.

एवढ्यात शेखचाचा सुती कपडे न्यायला आले. मोठी रिक्षा सांगून आले होते. त्यांनी दोन पंचे, धोतर आणि उपरणं पाहिलं, मग टेम्पो पाहिला.

"साहेब, सुती कुठंय?"

"एवढंच निघालं, चाचा."

त्यांनी टेम्पोतल्या एका पोत्यात हात घातला, एक सदरा बोटांत चुरगाळून पाहिला आणि माझ्याकडे वळले. "धागा कुठून काढत होता?"

मी अभिमानानं माझी युक्ती सांगितली. कापडाला धक्का नको म्हणून शिवणीतला.

चाचांनी सदरा पोत्यात परत टाकला. मग त्यांनी पैठणी मागून घेतली, आतल्या टोकाला सुईनं विणीतलाच एक तंतू सोडवला आणि मेणबत्तीवर धरला. केस जळल्यासारखा वास आला. टोकाशी राहिलेलं काळं त्यांनी बोटांनी चोळलं, त्याची भुकटी झाली.

"हे रेशीम," ते म्हणाले. मग फॉलचा दोरा धरला. मणी झाला. "आणि हा माझा दोरा. फॉल मीच लावलाय परवा. शिवायचा दोरा आता सगळीकडं पॉलिएस्टरचाच असतो, साहेब. सुती सदरा असला तरी."

मी दिवसभर सोसायटीचे कपडे तपासलेच नव्हते. मी शिंप्यांचा दोरा तपासला होता, शेकडो वेळा, आणि दर वेळी तो पॉलिएस्टरचाच निघाला होता. धोतर आणि पंचे पास झाले, कारण त्यांना शिलाईच नव्हती.

आधी हसल्या त्या विहीणबाई. मग शिंदेवहिनी, आणि मग दोघी एकमेकींचा हात धरून. माझ्यामुळे दोन घरं जोडली गेली, असं मी तेव्हापासून सांगतो. कोणी दुजोरा देत नाही.

टेम्पो रिकामा केला. पुढचे चार दिवस मी पार्किंगमध्ये बसून प्रत्येक कपड्याच्या विणीतला तंतू काढून जाळला. कांबळेताई समोर खुर्ची टाकून बसायच्या. त्यांची साडी सुती निघाली तेव्हा एवढंच म्हणाल्या, "विणणाऱ्याला कळवते." शेवटी निम्म्याहून जास्त कपडे खरोखरच प्लास्टिकचे निघाले, पण पंधरा पोती चांगलं सुती कापड वाचलं. त्यातून शिवलेली दुपटी मी पाहिली आहेत. मऊ, चौकोनी, कडेनं रंगीत टाके घातलेली. कचऱ्यात गेलं असतं ते कापड बाळांच्या अंगावर गेलं. या गोष्टीचा मला आजही अभिमान आहे, आणि तो मी सोडणार नाही.

या कामाची वाहवा होऊन बचत गटानं मला बोलावलं. सुती कापड कसं ओळखावं, यावर दोन शब्द बोलायला. मी त्यासाठी खास शुद्ध खादीचा नवा कुर्ता घेतला. वीसेक बायका सतरंजीवर बसल्या होत्या. मी अर्धा तास बोललो, वीण आणि शिवण यांतला फरक सांगितला, मेणबत्तीवर करूनही दाखवलं. टाळ्या मिळाल्या.

मग पुढे बसलेल्या एक म्हाताऱ्या आजी उठल्या. त्यांनी माझ्या कुर्त्याचं टोक दोन बोटांत धरलं आणि लगेच सोडलं.

"भाऊ, ह्ये सुती न्हाय."

"आजी, काडी न लावता कसं ओळखलंत?"

"काडी कशापायी?" त्या म्हणाल्या. "तुमी किती घामेजलाय, त्ये आमी सगळ्या मगाधरनं बघतोय."